कराडजवळच्या वारुंजीच्या धावपट्टीचा इतिहास आणि तिची रखडलेली वाढ

कोयनाकाठ:
आगाशिवच्या डोंगरावरून उत्तरेकडे पाहिले की उसाच्या हिरव्या फडांमध्ये एक सरळ करडी रेघ दिसते. ती कराडच्या विमानतळाची धावपट्टी. लहानपणापासून मी ती पाहत आलो आहे. मात्र जिल्ह्याचे ठिकाण सातारा असताना आणि प्रवासी विमानसेवेची मागणी नसलेल्या त्या काळात, तालुक्याच्या गावाशेजारी अशी धावपट्टी का बांधली गेली असावी, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही. तसेच, सत्तर वर्षांत तिची लांबी का वाढली नाही, हाही प्रश्न आहेच. कोणत्या पक्षाने काय केले, या चर्चेत मला रस नाही. जाणकारांनी मूळ कारणांवर लिहावे, ही विनंती.

निवृत्त_स्थापत्य:
आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात द्यायचे तर ते 'कोयना' असे आहे. ही धावपट्टी सार्वजनिक बांधकाम खात्याने 1955 मध्ये कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या सोयीसाठी बांधली. धरणाची जागा कराडहून पाटणमार्गे सुमारे 55 किलोमीटरवर, हेळवाकजवळ डोंगरात. तिथे विमान उतरवण्याजोगी सपाटी मिळणे कठीण. उलट कोयना आणि कृष्णा यांच्या संगमाजवळची वारुंजी-मुंढे परिसरातील जमीन सपाट होती आणि धरणाकडे जाणारा चिपळूण रस्ता तिच्या अंगावरूनच जात होता. त्या काळी पुणे-मिरज रेल्वे मीटरगेज, म्हणजे मुंबई-पुणे मार्गापेक्षा अरुंद रुळांची होती, त्यामुळे मुंबईहून निघालेल्या माणसाला पुण्यात गाडी बदलणे भाग होते. शिवाय कराडचे स्थानकही गावात नसून ओगलेवाडीला आहे. अभियंत्यांना आणि अधिकाऱ्यांना मुंबईहून वारंवार ये-जा करावी लागणाऱ्या कामासाठी हवाई मार्ग का सोयीचा वाटला असेल, हे यावरून लक्षात यावे.

म्हणजे ही धावपट्टी कराडसाठी नव्हतीच. मोठ्या कामावर आम्ही आधी रस्ता, गोदाम आणि वसाहत उभी करतो, त्याच पंक्तीतली ती एक तात्पुरत्या गरजेची सोय होती. काम संपल्यावर गोदामे मोडली जातात. धावपट्टी मोडून नेता येत नाही, इतकाच फरक. पुढे अधूनमधून उतरणारी मंत्र्यांची विमाने आणि वैमानिक प्रशिक्षण यांवर ती तग धरून राहिली. राज्यातील अनेक छोट्या धावपट्ट्यांची कथा अशीच आहे. 2009 मध्ये नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ आणि उस्मानाबाद येथील विमानतळ एका खासगी कंपनीला 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्यात आले, तेव्हा खासगीकरणाने या धावपट्ट्यांचे भाग्य उजळेल, असे बोलले जात होते. प्रत्यक्षात काय झाले, ते आपण पाहतोच आहोत.

विंडसॉक:
मी वैमानिक प्रशिक्षण कराडला नव्हे, तर धुळ्याजवळच्या गोंदूर येथील धावपट्टीवर घेतले, त्यामुळे लांबीच्या प्रश्नावर थोडे लिहितो. कराडची धावपट्टी 1280 मीटर लांब आणि 30 मीटर रुंद आहे. तिच्या टोकांवरचे 10 आणि 28 हे आकडे दिशा सांगतात: होकायंत्रावरील सुमारे 100 आणि 280 अंश, म्हणजे ढोबळमानाने पूर्व आणि पश्चिम. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा असतो आणि विमानाने उड्डाण व उतरणे वाऱ्याला सामोरे जाऊनच करायचे असते; त्यामुळे 1955 मध्ये ज्यांनी आखणी केली, त्यांनी दिशा चुकवलेली नाही.

शिकाऊ वैमानिकाच्या चार आसनी सेसनाला एवढी धावपट्टी ऐसपैस आहे. आम्ही चाके टेकवून न थांबता पुन्हा उड्डाण करण्याचा सराव करत असू, तेव्हा निम्म्या धावपट्टीतच काम भागत असे. व्यावसायिक परवान्यासाठी 200 तासांचे उड्डाण लागते आणि ते तास मुंबईसारख्या गजबजलेल्या आकाशात भरणे जवळपास अशक्य असते. 1928 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबने आपले प्रशिक्षण जुहूहून धुळ्याला हलवले, ते याच कारणाने. छोट्या धावपट्टीची खरी उपयुक्तता मला इथे दिसते. (सकाळच्या पहिल्या उड्डाणापूर्वी आमच्यापैकी एकाने जीपमधून धावपट्टीवर फेरी मारून कुत्री आणि शेळ्या हाकलायच्या, हाही अभ्यासक्रमाचा अलिखित भाग होता.)

साठ-सत्तर प्रवाशांच्या एटीआर विमानाचा हिशेब मात्र वेगळा आहे. समुद्रसपाटीवर, थंड हवेत आणि पूर्ण भाराने त्याला सुमारे 1300 मीटर लागतात. कराड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि एप्रिलच्या दुपारी तापलेली हवा आणखी विरळ होते. विरळ हवेत विमानाला अधिक लांब धाव घ्यावी लागते, म्हणजे 1280 मीटरवर ते विमान भरून नेणे शक्य नाही.

उसाचा_फड:
वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, परंतु लांबी वाढवायची म्हणजे ती कुणाच्या रानातून, हा प्रश्न त्यांत राहून गेला, म्हणून हे लिहीत आहे. आमचे घर त्याच भागात आहे. विस्तारीकरणाचा प्रस्ताव आला तेव्हा वारुंजी, मुंढे, केसे या गावांतील शेतकऱ्यांनी हरकती घेतल्या, मोर्चे काढले. तो विकासाला विरोध होता, असे शहरातील मंडळी आजही म्हणतात. त्यांनी एकदा सातबारा पाहावा. आजोबांच्या सांगण्यानुसार, पहिल्या धावपट्टीसाठी जमीन गेली तेव्हा त्या रानात ज्वारी आणि भुईमूग निघत असे. पुढे धरण झाले, कोयनेला उन्हाळ्यातही पाणी राहू लागले, नदीवर उपसा योजना झाल्या आणि तेच रान बारमाही बागायत झाले. विमानपट्टी ज्या धरणासाठी आली, त्याच धरणाच्या पाण्याने तिच्या कडेची जमीन इतकी मोलाची केली की आता तिला पुढे सरकायला जागा उरली नाही. 'विंडसॉक' यांच्या आकड्यांवरून मी हिशेब केला: सध्याचे नुसते डांबर साडेनऊ एकरांवर आहे, कडेची मोकळी जागा वेगळीच. विस्तारात जाणार होता तो मात्र उभ्या उसाचा फड आणि त्याखाली पुरलेली, सोसायटीचे कर्ज काढून टाकलेली पाइपलाइन. मोबदल्याच्या कागदावर पाइपलाइनचा रकाना सहसा शेवटी येतो.

निवृत्त_स्थापत्य:
आपला मुद्दा मान्य. एक दुरुस्ती तेवढी सुचवतो: खोडशीच्या बंधाऱ्यावरचा कृष्णा कालवा ब्रिटिशकालीन आहे, त्यामुळे तालुक्यातील सगळीच बागायत कोयनेमुळे आली, असे म्हणता येणार नाही. वारुंजीच्या बाजूबद्दल मात्र आपण म्हणता ते बरोबर आहे.

कोयनाकाठ:
सर्वांचे आभार. कोल्हापूरची विमानसेवा 2018 मध्ये पुन्हा सुरू झाली आणि तिथला उजळाईवाडीचा विमानतळ इथून महामार्गाने दीड तासावर आहे, हे लक्षात घेता कराडला एटीआर उतरवण्याचा आग्रह मला तरी आता अनाठायी वाटू लागला आहे. आहे त्या 1280 मीटरवर प्रशिक्षण व्यवस्थित चालावे, इतपत मागणी करता येईल. 'उसाचा फड' यांना विनंती, की आजोबांकडे 1955 च्या संपादनाची नोटीस किंवा मोबदल्याची पावती असल्यास तिचे छायाचित्र, नावे झाकून, इथे द्यावे.