मदत हवी आहे: आगमनकाळासाठी रोजचं मराठी मनन
सोलापुरातून लिहितेय. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या, चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या नि तिसऱ्या रविवारची गुलाबी, टेबलावर मांडल्यात. रात्री भाकऱ्या झाल्या की सासूबाई, मी आणि पोरं दहा मिनिटं प्रार्थनेला बसतो. शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला उतारा, बहुतेक यशया संदेष्ट्याचा. तो मराठीत आहे. त्यावरचं मनन, म्हणजे चिंतन, मात्र मला इंग्रजीतच सापडतं, अन् वाचता वाचता भाषांतर करताना गाडी अडते. सासूबाई म्हणतात, “अगं, देवाशी बोलतीयस का पेपर सोडवतीयस?”

कॅथलिक पद्धतीचं छोटं मराठी मनन कुणाकडे आहे का? निदान १७ ते २४ डिसेंबरचं तरी. १७ला मत्तयाच्या शुभवर्तमानातली येशूची वंशावळ येते. त्या नावांच्या रांगेवर पोरांना काय सांगू? अक्षर मोठं असेल तर फारच बरं, सासूबाईंना स्वतः वाचायचंय.