मदत हवी आहे: डोक्यात छर्रा, सीटी स्कॅनवरून काय समजायचं?

नमस्कार. आमचं गाव कुडाळ तालुक्यात. भात कापणीला आलंय आणि रानडुकरं रोज उतरतात, म्हणून परवा रात्री माझा आतेभाऊ (वय ३४) शेजाऱ्यांसोबत राखणीला गेला होता. अंधारात ठासणीची बंदूक उडाली आणि एक छर्रा त्याच्या उजव्या कानशिलाच्या वरून आत गेला. रात्रीच गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात आणला. आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहे.

सीटीचा रिपोर्ट हातात आहे. छर्रा उजव्या फ्रॉन्टल लोबमध्ये (मेंदूच्या पुढच्या भागात) अडकलाय, डावीकडे गेलेला नाही. मेंदूची मध्यरेषा ४ मिमी सरकलीय. मेंदूतल्या पोकळ्यांत रक्त नाही. तळाच्या सिस्टर्न (मेंदूभोवतीच्या पाण्याच्या जागा) उघड्या आहेत असं लिहिलंय. डॉक्टर नीट बोलले, पण तेव्हा मला प्रश्नच सुचले नाहीत.

बाहेर आत्या बसलीय. तासातासाला विचारते, "माझो झील वाचतलो मा रे?" तिला खोटं सांगवत नाही आणि खरं काय ते मला कळत नाही.

या स्कॅनवरून जगण्याचा अंदाज कितपत येतो? एमआरआय का करत नाहीत? आणि अँजिओ करायची म्हणतात, ती तर हृदयाची ना?

प्रतिसाद:
दादा, मी न्यूरोसर्जरीत काम करते. फिल्म न बघता टक्केवारी सांगणार नाही. पण तुम्ही लिहिलेल्या गोष्टींत वाईट खुणा कमी आहेत. गोळी मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांतून किंवा पोकळ्यांतून आरपार गेली, मेंदूच्या देठाला लागली, सिस्टर्न दाबून बंद झाल्या, तर धोका फार वाढतो. ४ मिमी सरकणं थोडं आहे, पण सूज पुढच्या दिवसांत वाढू शकते. म्हणूनच स्कॅन पुन्हा करतात.

एकट्या सीटीवर मात्र विसंबू नका. अमेरिकेत २०१६ साली अशा जखमांसाठी 'स्पिन' नावाचा स्कोअर मांडला गेला. त्यात हातापायांची हालचाल, डोळ्यांच्या बाहुल्यांचा उजेडाला प्रतिसाद, रक्त गोठण्याची तपासणी अशा गोष्टी होत्या, सीटी नव्हतं. ते नंतर जोडलं गेलं. शिवाय छर्रा कमी जोराचा असतो, पिस्तुलाच्या गोळीचे आकडे त्याला तसेच लावू नयेत.

एमआरआयच्या चुंबकात लोखंडी तुकडा जागचा हलू शकतो, आणि ठासणीच्या बंदुकीत काय भरलं होतं ते आधी कळायला हवं. अँजिओ मेंदूच्या रक्तवाहिन्यांची. जखमी वाहिनीला फुगा येऊन तो काही दिवसांनी फुटू शकतो. खोल रुतलेला छर्रा काढलाच पाहिजे असा हट्ट धरू नका, तो शोधताना चांगला मेंदू दुखावतो.

चिमटा काढल्यावर तो हात दुखऱ्या जागेकडे नेतो का, आणि बाहुल्या? हे विचारून या.

धागाकर्ता:
ताई, आत्ताच विचारून आलो. डावा हात थोडा कमी उचलतो, पण उजवा चिमट्याकडे नेतो. दोन्ही बाहुल्या लहान होतात. बंदुकीत काय भरलं होतं ते शेजाऱ्यांना फोन करून विचारतोय. अँजिओ उद्या सकाळी, रिपोर्ट आला की इथेच लिहितो.