आधी डेटम तपासा
कुणीतरी म्हटलंय की हँडहेल्ड जीपीएसवरचे आकडे कागदी नकाशावर मांडले की जागा शे-दोनशे मीटर सरकते, म्हणजे यंत्रच बिघडलंय. यंत्राला दोष देण्याआधी डेटम (अक्षांश-रेखांश ज्या आधारावर मोजतात तो) बघा. जीपीएस मुळात डब्ल्यूजीएस ८४ या डेटमवर चालतं. जुना नकाशा दुसऱ्या डेटमवर असेल तर फरक पडणारच. नकाशाच्या समासात डेटमचं नाव बहुधा छापलेलं असतं, तेच जीपीएसच्या सेटिंगमध्ये निवडायचं.

कड्याच्या पायथ्याशी मात्र गोष्ट वेगळी. तिथे सिग्नल खडकावर आपटून येतो, तुम्ही जागचे हलला नाहीत तरी ठिपका आपला नाचतोच. तिथे वेपॉइंट (यंत्रात साठवायची जागेची खूण) घेऊच नये, जरा उघड्यावर येऊन घ्यावा.

आणि हो, थंडीत अल्कलाइन सेल लवकर मान टाकतात. लिथियमचे न्या (सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकारही बदला, नाहीतर उरलेल्या चार्जच्या पट्टीवर भरवसा नको).