जबाबदारी, उत्तरदायित्व आणि दायित्व

प्रश्न : व्यवसायोपचाराविषयीच्या (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रुग्णाला रोजची कामे स्वतः करता यावीत यासाठीचे उपचार) मराठी मजकुरात ‘जबाबदारी’, ‘उत्तरदायित्व’ आणि ‘दायित्व’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. ते समानार्थी मानावेत का?

उत्तर : घडण पाहिली तर पहिले दोन समानार्थीच आहेत, एकात ‘जबाब’ आहे, दुसऱ्यात ‘उत्तर’. मात्र ज्या व्यवसायात काम दुसऱ्यावर सोपवले जाते, तेथे भेद पाळणे सोयीचे ठरते. समजा, हाताला दुखापत झालेल्या रुग्णासाठी उपचारतज्ज्ञाने स्प्लिंट (हाताला आधार देणारा कडक साचा) बनवला आणि तो काढून त्वचा पाहण्याचे काम सहायकाला दिले. स्प्लिंट काढल्यावर मनगटाच्या हाडावरची लाली साधारण २० मिनिटांत ओसरली नाही, तर तेथे दाब पडतो आहे असे समजून स्प्लिंट दुरुस्त करावा लागतो. संवेदना कमी झालेल्या रुग्णाला तो दाब जाणवतही नाही. पाहणीची आणि नोंदीची जबाबदारी सहायकाची. पण हे काम त्याला झेपणारे होते का आणि नेमके काय पाहायचे हे त्याला सांगितले होते का, याचे उत्तरदायित्व तज्ज्ञाकडेच राहते.

दुसरे उत्तर : ‘दायित्व’ मी भरपाईच्या प्रश्नासाठी राखून ठेवतो. अनेक देशांत कर्मचाऱ्याने कामावर असताना केलेल्या चुकीचे दायित्व नोकरी देणाऱ्या संस्थेवरही येते, म्हणजे स्प्लिंटला हातही न लावलेल्यावर. निष्काळजीपणा ठरवताना, त्याच व्यवसायातील जाणकारांच्या जबाबदार गटाला ती पद्धत मान्य झाली असती का, ही इंग्लंडमधील १९५७ च्या बोलॅम खटल्यातील कसोटी प्रसिद्ध आहे. (‘हलगर्जीपणा’ मात्र अशा मजकुरात नको, त्यात निकाल आधीच लागलेला असतो.)

प्रश्नकर्ता : मग ‘नैतिक दायित्व’ हा प्रयोग चुकीचा म्हणावा का?

उत्तर : चुकीचा नाही, रूढ आहे, पण कायद्याची चर्चा शेजारीच चालू असेल, तर ‘नैतिक कर्तव्य’ लिहिल्याने घोटाळा टळतो. रुग्णाला स्वतः अंघोळ करता येते का, हे प्रत्यक्ष पाहायचे असते, तेव्हा संमतीपत्रावर आधीची सही असली तरी त्या वेळी पुन्हा विचारणे आणि नकार मिळाल्यास थांबणे हे कर्तव्य आहे. न थांबल्यास प्रश्न दायित्वाचाही होतो.