मदत हवी आहे: गेमबॉय कार्ट्रिजची बॅटरी बदलायची आहे, सेव्ह न घालवता (इंदूर)

नमस्कार मंडळी. गेमबॉय कलर या हातातल्या गेम कन्सोलवरचं 'पोकेमॉन गोल्ड', अस्सल कार्ट्रिज (गेमची कॅसेट). आतली सीआर२०२५ बॅटरी सेव्ह (साठवलेला खेळ) आणि गेममधलं घड्याळ दोन्ही सांभाळते, आणि ती आता संपत आलीय, मल्टीमीटरवर २.६ व्होल्ट दाखवतेय. घड्याळ सारखं चुकतंय, सेव्ह केलेला गेम मात्र अजून उघडतो. त्यात दादाचा लेव्हल १०० चा टायफ्लोजन (एक पोकेमॉन) आहे, तो काहीही झालं तरी जायला नको.

३.८ मिमीच्या स्क्रूड्रायव्हर बिटने कव्हर उघडून कॉन्टॅक्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, काही फरक नाही. इथल्या जेल रोडवरच्या दुकानांत विचारलं. बॅटरी काढली की मेमरी पुसली जाणार, एवढंच उत्तर मिळालं. पट्ट्या वेल्ड केलेली नवी बॅटरी आणून ठेवलीय, २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न आहे, हातही बऱ्यापैकी बसलाय. कार्ट्रिज कुरिअरने बाहेरगावी पाठवायचं नाही, हे नक्की.

कार्ट्रिज गेमबॉयमध्ये लावून, गेम चालू ठेवून बॅटरी बदलली तर मेमरी टिकते असं वाचलंय. कुणी स्वतः केलंय का? की जुन्या बॅटरीला समांतर ३ व्होल्ट जोडणं जास्त सुरक्षित? आणि इंदूर-देवासकडे कुणाजवळ सेव्ह कॉम्प्युटरवर उतरवून घेणारा कार्ट्रिज रीडर असेल, तर एखाद्या संध्याकाळी घेऊन येऊ का?