वर्तुळातली चांदणी: पेंटॅकलला मराठी शब्द?

ओवी: अमेरिकेतल्या विक्का या निसर्गपूजक (पेगन) पंथावरच्या लेखाचं भाषांतर करतेय. मृत विक्कन सैनिकांच्या थडग्यांवर पेंटॅकल हे त्यांचं धर्मचिन्ह कोरायला तिथल्या सरकारने २००७ साली मान्यता दिली, हे वाक्य अडलंय. मी 'पंचकोन' लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी खोडलं: पंचकोनाला नुसत्या पाच बाजू, हा तर तारा. पण 'तारा' म्हटलं की भोवतीचं वर्तुळ जातं.

माजघर: चांदणीच की! आजी हात न उचलता पाच रेघांत काढायची, बोट निघालं तिथेच परत यायचं. 'वर्तुळातली चांदणी' म्हणा.

तळटीप: चांदणी साडीवर शोभते. धर्मचिन्हाला भारदस्त शब्द हवा. 'पंचतारक यंत्र' कसं वाटतं?

माजघर: असे शब्द घडवूनच मराठी कुणी बोलेनासं झालंय. थडग्यापाशी उभी राहणारी आई 'पंचतारक यंत्र' म्हणेल का?

ओवी: 'यंत्र' म्हटलं की श्रीयंत्र डोळ्यांपुढे येतं. शिवाय त्यांच्या वेदीवर ठेवायच्या तबकडीलाही पेंटॅकलच म्हणतात.

सह्याद्रीपुत्र: पाच टोकं म्हणजे आपली पंचमहाभूतंच. सरळ तसं लिहा.

ओवी: चार जुळतात: पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा. वरच्या टोकाला ते 'स्पिरिट' म्हणतात. तिथे 'आकाश' लिहिलं तर वाचक आपलं तेच समजेल आणि त्यांचं हरवेल. 'चैतन्य' चालेल?

सह्याद्रीपुत्र: 'आत्मा' म्हणा. तसाही 'पेगन' हा शब्द आपल्या 'पाखंड'वरूनच गेलाय.

तळटीप: अहो, नाही. लॅटिन 'पागानुस', म्हणजे खेड्यातला. आणि पाखंड म्हणाल, तर अशोकाच्या शिलालेखांत 'पासंड' म्हणजे कुठलाही पंथ. सगळ्या पासंडांचा मान राखा, असं तो सांगतो. शिवी नंतर झाली.

माजघर: म्हणजे पेगन म्हणजे गावंढळ! शहरात शिकायला आले तेव्हा वसतिगृहात मला हाच शब्द ऐकवायचे. 'न्हाई' म्हटलं की हसायचे. वर्षभर मी कमी बोलले.

सह्याद्रीपुत्र: ताई, आमच्याकडे 'गावठी' म्हणजे अस्सल. गावठी लसूण, गावठी कोंबडी. बाजारात दोन पैसे जास्तच पडतात.

माजघर: लसणाला म्हणा. माणसाला म्हणून बघा, दादा.

तळटीप: मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश काढतो. 'गावंढळ' आणि 'गावठी' दोन्ही बघून रात्री लिहितो.