मदत हवी आहे : निसर्ग मंडळाच्या जुन्या नोंदवह्या ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारं संकेतस्थळ) टाकायच्या आहेत, कसं करावं?

नमस्कार मंडळी, आम्ही कराडचे. आमचं छोटंसं निसर्ग मंडळ आहे, रजिस्टर्ड वगैरे काही नाही, रविवारी सकाळी प्रीतिसंगमावर (कृष्णा-कोयनेच्या संगमावर) किंवा आगाशिवच्या डोंगरावर जायचं, थंडीत एखादी ट्रिप मायणी-येरळवाडीला रोहित (फ्लेमिंगो) बघायला, पावसाळ्यात शाळेतल्या मुलांना घेऊन फुलपाखरं आणि अळ्या. लिंबाच्या पानावर पक्ष्याची शीट पडलीय असं वाटतं ती अळी असते हे पहिल्यांदा कळल्यावर मुलं जी ओरडतात ना, त्यासाठीच मी हे सगळं करते.

तर मुद्दा असा, की हे मंडळ ज्या सरांनी सुरू केलं त्यांना आता नीट दिसत नाही आणि त्यांनी त्यांच्या सगळ्या नोंदवह्या माझ्याकडे दिल्यात. १९८८ पासूनच्या! शाईच्या पेनाने लिहिलेल्या, काही पानं ओल लागून चिकटलीत. एका पानावर दिसलेल्या पक्ष्यांची नोंद बघा कशी आहे, "प्रीतिसंगम, सकाळी, ढगाळ. धोबी ४, नदीसुरय २, खंड्या १, पलीकडच्या काठावर मोठा बगळा." बस, एवढंच. वेळ नाही, किती चालले ते नाही. काही पानांवर तर आकडेही नाहीत, नुसती नावं. पण नदीकाठचं तेव्हाचं चित्र दुसरीकडे कुठेच लिहून ठेवलेलं नाही हो, आणि त्या वह्या माझ्या कपाटात कसरीने खाल्ल्या तर ते कायमचं गेलं. मला हे खरंच मनाला लागून राहिलंय.

माझे प्रश्न :

अशा अर्धवट नोंदी ईबर्ड घेतं का, की वेळ आणि अंतर नसेल तर सोडूनच द्यायच्या? "धोबी" म्हणजे कुठला धरायचा, कारण आपल्याकडे मोठा धोबी बाराही महिने असतो आणि हिवाळ्यात करडा, पांढरा, पिवळा असे पाहुणे येतात. आणि हे सगळं माझ्या अकाउंटवर टाकलं तर चालेल का?

दुसरं, पक्षी सप्ताहात (५ ते १२ नोव्हेंबर, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या जयंतीपर्यंत) या वह्यांचं छोटं प्रदर्शन लावायचा विचार आहे. त्याआधी जुलैमध्ये शाळेत पतंगांची (रात्री दिव्यावर येणाऱ्या किड्यांची) रात्र करायची आहे, पांढरी चादर लावून. घरातला एलईडी बल्ब लावून बघितला तर चार किडे आले फक्त. कुठला दिवा लावतात?

प्रतिसाद १

ताई, सोडून अजिबात देऊ नका! ईबर्डमध्ये नोंदीचा प्रकार निवडताना 'हिस्टॉरिकल' असा पर्याय आहे, तो बरोबर याच कामासाठी, तारीख आणि जागा असली की पुरे. आकडा नसेल तिथे एक्स टाकायचा, म्हणजे पक्षी दिसला पण किती ते माहीत नाही. दिसलेले सगळे पक्षी लिहिलेत का असं शेवटी विचारतं, तिथे सरांना विचारल्याशिवाय हो म्हणू नका, बरेच जण कावळा-साळुंकी लिहीतच नाहीत. धोब्याचं पण तेच, खात्री नसेल तर नुसता 'धोबी, जात माहीत नाही' असा पर्याय मिळतो तो घ्या आणि वहीतली ओळ जशीच्या तशी कॉमेंटमध्ये टाका, पुढेमागे कुणाला उपयोग होईल. अकाउंट मात्र सरांच्या नावाने वेगळं काढा त्यांना विचारून, नोंदी त्यांच्या आहेत, तुमच्या यादीत मिसळायला नकोत. आणि टाइप करायच्या आधी प्रत्येक पानाचा फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. चिकटलेली पानं ओढू नका.

प्रतिसाद २

पतंगांचं मी सांगतो. पतंगांना अतिनील उजेड लागतो, साध्या एलईडीत तो जवळजवळ नसतोच. मर्क्युरी व्हेपरचा दिवा चोकसकट लावतात, पण तो भयंकर तापतो, पावसाचा थेंब पडला की काच फुटू शकते, त्यामुळे व्हरांड्यात छताखाली लावा आणि पोरांना त्याच्याकडे टक लावून बघू देऊ नका. यूव्ही ट्यूब मिळाली तर सोपं पडतं. चादर सुती घ्या, अमावस्येच्या आसपासची रात्र बघा, चांदणं असलं की येत नाहीत फारसे. सगळ्यांच्या पायात बूट हवेतच, जुलैत उजेडाला किडे, किड्यांना बेडूक आणि बेडकांमागे साप. संपल्यावर दिवा बंद करून चादर हळूच झटका, नाहीतर पहाटे कोतवाल पक्षी येऊन आयती पंगत उठवतात.

फोटो आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदींचं संकेतस्थळ) टाका, पण घुबडाचं घरटं वगैरे असेल तर जागा लपवा, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर टाकूच नका.

धागाकर्ती

दोघांचे खूप खूप आभार, हिस्टॉरिकलचं मला माहीतच नव्हतं! काल सरांकडे जाऊन पानं वाचून दाखवली. संगमावरचे ते चार धोबी मोठे धोबीच होते म्हणाले, कोणत्या खडकावर बसायचे तेही सांगितलं. म्हणजे सर सांगतायत तोवर हे उरकायला हवं. मी वाचणार, ते सांगणार, पण लिहून घ्यायला आणि पानांचे फोटो काढायला आणखी एक माणूस लागेल. कराड-साताऱ्याकडचं कुणी रविवारी दुपारी येऊ शकेल का? पक्षी ओळखता नाही आले तरी चालेल, अक्षर लागलं पाहिजे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा प्लीज.